ठाणे ते न्यूयॉर्क : किलोमीटर आणि तासांचा हिशेब

विमानाला किती तास लागतील? अंतराला त्याच्या वेगानं, ताशी 900 किमीनं, भागलं की उत्तर मिळतं, पण ते दोन तासांनी चुकतं. म्हणून मी सगळा हिशेब टप्प्याटप्प्यानं करतो.

आधी अंतर. सपाट नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ अरबस्तान, उत्तर आफ्रिका, मग अटलांटिक अशी जाते. ती विसरा. पृथ्वीगोलावर दोरा ताणला की तो कझाकस्तान, रशिया, नॉर्वे करत थेट आइसलंडवर चढतो आणि तिथून खाली उतरतो. खरं अंतर हेच.

सायंटिफिक कॅल्क्युलेटर पुरतो. अक्षांश-रेखांश अंशांत असे: मुंबई 19.09 उत्तर, 72.87 पूर्व, न्यूयॉर्कचा जेएफके विमानतळ 40.64 उत्तर, 73.78 पश्चिम. एक पूर्व, एक पश्चिम, म्हणून रेखांशांची बेरीज करायची: 146.65. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार घ्या. दोन्ही कोसाइनचा गुणाकार करून त्याला 146.65 च्या कोसाइननं गुणा आणि तो आधीच्यात मिळवा. उत्तर उणे 0.386 येतं. त्याचा उलटा कोसाइन 112.7 अंश. दर अंशाला 111.2 किमी धरून साधारण 12,530 किमी. रेखांशांच्या बेरजेऐवजी वजाबाकी केलीत तर न्यूयॉर्क चक्क 2,400 किमीवर येतं! कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर, म्हणजे कोन मोजायच्या दुसऱ्या एककावर, नाही ना, तेही बघा.

भागाकारानं 14 तास येतात, तिकिटावर मात्र 16 च्या आसपास असतात. तिकिटावरचा वेळ गेटपासून गेटपर्यंतचा. धावपट्टीपर्यंत सरपटणं त्यातच आलं. शिवाय 10-12 किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जेट प्रवाह जाताना समोरून लागतो, येताना ढकलतो. हिवाळ्यात त्याचा जोर जास्त. परतीला एक-दीड तास वाचतो तो त्यामुळेच. त्यात 2022 पासून बऱ्याच पाश्चात्त्य कंपन्या रशियावरून उडत नाहीत आणि एप्रिल 2025 मध्ये भारतीय कंपन्यांना पाकिस्तानचं आकाश बंद झालं. म्हणजे दोरा सरळ उरतच नाही.

आता घड्याळ. न्यूयॉर्क हिवाळ्यात साडेदहा तास मागे असतं, मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत साडेनऊ. समजा, विमान सोमवारच्या तारखेला रात्री 1:30 ला, म्हणजे रविवारी मध्यरात्रीनंतर दीड तासानं आहे. तेव्हा तिथे हिवाळ्यात रविवारचे दुपारचे 3. त्यात 16 तास मिळवले की सोमवार सकाळचे 7.

पण ठाण्यातून निघायचं रविवारी! 'सोमवारचं विमान' म्हणून सोमवारी रात्री बॅगा काढणारे दर हंगामात भेटतात. रात्री 10:30 ला मुंबई विमानतळाचं टर्मिनल 2 गाठायचं तर मी तीन हात नाक्याजवळून 9 ला निघतो, घोडबंदरहून 8 ला. वाटेतल्या आनंदनगर टोलनाक्यावर छोट्या गाड्यांना ऑक्टोबर 2024 पासून टोल नाही, पण रांग काही पुरती संपलेली नाही. बऱ्याच कंपन्यांचा काउंटर उड्डाणाआधी 60 मिनिटांनी बंद होतो. आणि हल्ली मी तिकिटावरचा विमानतळाचा कोडही वाचून घेतो. बीओएम म्हणजे सहारचा मुंबई विमानतळ, एनएमआय म्हणजे नवी मुंबई. ठाण्यातून दोन्हींच्या वाटा निरनिराळ्या आहेत.