सुरुवात एकदांडीपासून

"चित्रकला शाळेतच सुटली. आता फुलं रंगवावीशी वाटतात, सुरुवात कुठून करू?" हा प्रश्न मला कुणी ना कुणी विचारतंच. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, गुलाबापासून नको. त्याच्या पाकळ्यांचे वळसे भल्याभल्यांना दमवतात. एकदांडी घ्या.

सोलापुरात ती शोधायला लागत नाही. पाऊस होऊन गेला की मोकळ्या प्लॉटात, रस्त्याच्या कडेला, माळावर जिथं तिथं उगवते. मधे पिवळा डोळा, भोवती पाचेक फिकट पाकळ्या, प्रत्येकीच्या टोकाला तीन दाते. खरं तर ते एक फूल नव्हेच, बारक्या फुलांचा गुच्छ आहे. ती एकेक 'पाकळीसुद्धा' स्वतंत्र फूलच. एवढं कळलं की मधला डोळा आपण सपाट पिवळा भरत नाही, ठिपके टेकवत जातो.

पण आधी दांडी. नावातच आहे की ती! वीतभर लांब, लवदार, फुलाच्या भारानं किंचित कललेली. नवीन माणूस फूल आधी काढतो आणि मग खाली पट्टीनं आखल्यासारखी काडी जोडतो. तिथंच चित्र निर्जीव होतं. जलरंगाचा सहा नंबरचा गोल ब्रश उभा धरा, मनगट न टेकता मुळाकडून वर एका दमात ओढा. जुन्या वहीत अशा पन्नास दांड्या काढा, मग फुलाकडे वळा.

पांढरट पाकळीला काळी कड नको. तिच्यापुरता कागद कोरा सोडा आणि मागचं गवत रंगवा, पाकळी आपसूक पुढं येते. डबीतला तयार हिरवा मला आवडत नाही. पिवळ्यात निळा आणि अगदी थेंबभर तांबडा घाला, आपल्या माळाचा मळकट हिरवा तसाच मिळतो. पिवळ्याच्या सावलीला काळा घातलात तर तो शेवाळी होतो, तिथं बर्न्ट सिएना हा विटकरी-तपकिरी रंग वापरा. कागद 300 जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, असू द्या, नाहीतर पाणी लागताच फुगतो. आणि एप्रिल-मेच्या दुपारी बसू नका. आपल्याकडच्या उन्हात रंग पसरायच्या आधीच वाळतो.

एकदांडी जमली की कुर्डूचा तुरा. तो मला सोलापूरच्या पूर्व भागातल्या, तेलुगू वस्तीतल्या एका अक्कांनी शिकवला. त्या शिकायला आल्या होत्या माझ्याकडे, वय साठीच्या पुढं, ब्रश पहिल्यांदाच हातात. पण जन्मभर बतुकम्मा, म्हणजे तेलुगू बायकांच्या सणातला तरवड-कुर्डूसारख्या फुलांचा थरांचा मनोरा, रचलेली. तरवडाला त्या तंगेडु म्हणत, कुर्डूला गुनुगु. मी तुऱ्यात एकेक पाकळी काढायला लागले तर म्हणाल्या, "बाई, ह्याला पाकळ्या कुठायत? खाली चांदी, वर गुलाबी, एवढंच की."

त्यांनी तुऱ्याचा आकार नुसत्या पाण्यानं भिजवला, शेंड्याला गुलाबी टेकवला आणि कागद सरळ उलटा धरला. गुलाबी रंग शेंड्याकडे साचला, देठाकडे विरत विरत कागदाचा पांढरा उरला. मी विचारलं, हे कुठं शिकलात? तर सणाला कुर्डूचे तुरे रंगात बुडवताना जुडी अशीच उलटी धरतात, म्हणाल्या.

तेव्हापासून कुर्डू मी सगळ्यांना कागद उलटा धरूनच करायला लावते.