वाटा कोणाचा, आणि नेमका कशातला?

लिनक्स आणि फ्रीबीएसडी या दोन मोफत ऑपरेटिंग सिस्टिमांपैकी मोठी कोणती, हा वाद मी अनेक वर्षे ऐकत आलो आहे आणि कबूल करायला हरकत नाही की, फ्रीबीएसडीच्या बाजूने घालतही आलो आहे. त्यात लिनक्सच्या बाजूने हुकमाचे पान ठरलेले असते: जगातील सर्वांत वेगवान 500 महासंगणकांच्या यादीत नोव्हेंबर 2017 पासून लिनक्सशिवाय दुसरी एकही ऑपरेटिंग सिस्टिम उरलेली नाही. हे खरेच आहे. मात्र त्याच दमात डेस्कटॉपवरचे चार टक्के आणि लिनक्सच्या गाभ्यावर चालणाऱ्या अँड्रॉइडचे अब्जावधी फोनही मोजले जातात, तेव्हा मी अडतो, कारण हे तीन आकडे तीन वेगळ्या गोष्टींचे आहेत आणि त्यांची बेरीज होत नाही.

विकल्या जाणाऱ्या वस्तूचा खप बिलांवरून काढता येतो. फुकट उतरवून घेतलेल्या आणि एकाच प्रतीवरून शंभर यंत्रांवर बसवलेल्या प्रणालीची पावती कुठेच फाटत नाही. त्यामुळे मोजणारा आपल्याला जे दिसते तेच मोजतो. फेब्रुवारी 2024 मध्ये लिनक्सने डेस्कटॉपवर चार टक्क्यांची रेषा ओलांडली ती स्टॅटकाउंटर या वेब-आकडेवारी देणाऱ्या सेवेच्या मोजणीत, आणि ही मोजणी संकेतस्थळांवरील पानांना मिळालेल्या भेटींची असते. जे यंत्र कधी ब्राउझरच उघडत नाही, ते तिच्या लेखी अस्तित्वातच नसते. नेटफ्लिक्सचे चित्रपट प्रेक्षकांपर्यंत पोहोचवणारे सर्व्हर फ्रीबीएसडीवर चालतात. अशा एका सर्व्हरमधून सेकंदाला 400 गिगाबिट पाठवता येतात, हे त्यांच्या अभियंत्यांनी 2021 मध्ये दाखवून दिले. या मोजणीत त्यांचा वाटा शून्य. (लिनक्सच्या निरनिराळ्या वितरणांची, म्हणजे तयार संचांची, यादी ठेवणाऱ्या डिस्ट्रोवॉच या संकेतस्थळाच्या क्रमवारीविषयी तर बोलायलाच नको, तिथे मोजल्या जातात त्या त्या वितरणाच्या माहितीपानाला मिळालेल्या भेटी, वापरकर्ते नव्हेत, आणि हे त्या संकेतस्थळानेच सांगितले आहे.)

आमच्या बाजूचे लोकही कमी नाहीत. सोनीच्या प्लेस्टेशन 4 मधील प्रणाली फ्रीबीएसडीवरून घडवलेली आहे आणि तो खेळयंत्राचा संच 11 कोटींहून अधिक विकला गेला, म्हणून ते सगळे आपल्या खात्यावर, असा युक्तिवाद मीही एकेकाळी केला आहे. अँड्रॉइड लिनक्सच्या खात्यात जात असेल, तर हा युक्तिवाद टाकून देण्याजोगा नाही. पण बीएसडीचा, म्हणजे ज्या प्रणालीतून फ्रीबीएसडी निघाली तिचा, परवाना बदललेला कोड बंद ठेवण्याची मुभा देतो, तर लिनक्सच्या जीपीएल या परवान्यानुसार फोन विकणाऱ्याला कर्नलचा, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याचा, स्रोत कोड द्यावा लागतो. हा फरक ध्यानात घेतला की, त्या 11 कोटींतून मूळ प्रकल्पाच्या हाती काय आले, हा प्रश्न अवघड होतो.

मागे का पडलो, याचे आमचे आवडते उत्तर म्हणजे खटला. युनिक्स या मूळ प्रणालीचे हक्क असलेल्या एटी अँड टीच्या उपकंपनीने 1992 मध्ये बीएसडीच्या कोडवरून न्यायालय गाठले. 1994 च्या सुरुवातीला तडजोड झाली तेव्हा सुमारे 18,000 फाइलींपैकी फक्त तीन वगळाव्या लागल्या. तोवर लोक लिनक्सकडे वळले होते. हे कारण खरे आहे, पण तीस वर्षे पुरेल एवढे मोठे नाही. आयबीएमने एकट्या 2001 या वर्षात लिनक्सवर एक अब्ज डॉलर खर्च करण्याचे जाहीर केले, तशी रक्कम बीएसडीच्या वाट्याला आली नाही आणि ड्रायव्हर, म्हणजे यंत्राचे भाग चालवणारे प्रोग्रॅम, पगारी माणसे लिहितात.

म्हणूनच मला वाढ मोजायचीच असेल, तर मी कोड कोणत्या दिशेने वाहतो ते पाहतो. पूर्वी तो दोन्हीकडून वाहत असे, आणि बीएसडीच्याच घराण्यातील ओपनबीएसडीच्या मंडळींनी घडवलेले, दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे काम करू देणारे ओपनएसएसएच आजही बहुतेक लिनक्स सर्व्हरवर आहे. अलीकडे मात्र पारडे झुकले आहे. फ्रीबीएसडीवरील इंटेल व एएमडीचे ग्राफिक्स ड्रायव्हर लिनक्सकडून आणलेले असतात. झेडएफएस ही फाइल प्रणाली तर आमची शान होती. 2021 मधील 13.0 या आवृत्तीपासून तीही लिनक्सवरील झेडएफएसच्या पायावर वाढलेल्या ओपनझेडएफएसमधून येते. फायली साठवणाऱ्या यंत्रांसाठीच्या आणि आधी फ्रीबीएसडीवर असलेल्या ट्रूनॅस या प्रणालीनेही आपला नवा विकास डेबियन या लिनक्स वितरणावर नेला. टक्केवारीच्या कोणत्याही तक्त्यापेक्षा मला या घटना अधिक बोलक्या वाटतात, आणि त्या माझ्या पक्षाच्या विरोधात जातात.

माझ्या घरी फायली साठवणारे यंत्र फ्रीबीएसडीवर चालते आणि महिनोन्‌महिने त्याला हात लावावा लागत नाही. लॅपटॉपवर मात्र वाय-फायच्या कटकटीला कंटाळून मी डेबियन बसवले, आणि ब्राउझर तेवढा त्याच्यावरच उघडतो.