चांगल्या ऑपरेटरला सुपरवायझर केलंत, आता त्याला शिकवायला शिकवा

भोसरी-चाकणच्या लहान कारखान्यांत सुपरवायझर बहुतेक वेळा एकाच पद्धतीने तयार होतो. सगळ्यांत तरबेज ऑपरेटर निवडायचा, पगार वाढवायचा आणि सोमवारपासून शिफ्ट त्याच्या हवाली करायची. मग मशीन अडलं की तो स्वतःच सेटिंगला बसतो आणि बाकीचे त्याची वाट बघत उभे राहतात. मालक म्हणतो, याला माणसं सांभाळता येत नाहीत. येणार कशी? आजवर त्याने फक्त मशीन सांभाळलंय. अशा माणसाला हॉटेलात नेऊन दोन दिवस नेतृत्वावर व्याख्यानं ऐकवण्यात पैसे घालवू नयेत. त्याला आधी एकच गोष्ट यायला हवी, ती म्हणजे आपलं काम दुसऱ्याला शिकवणं.

यासाठी १९४० साली अमेरिकेत सुरू झालेल्या 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' या उपक्रमातला 'जॉब इन्स्ट्रक्शन' (काम कसं शिकवायचं) हा भाग आजही उत्तम आहे. महायुद्धानंतर तो जपानमध्ये गेला आणि टोयोटात मुरला. दोन-दोन तासांच्या पाच बैठका आणि गटात जास्तीत जास्त दहा जण, एवढाच त्याचा पसारा. पहिल्या बैठकीत विजेच्या वायरची एक गाठ शिकवतात. आधी नुसती तोंडी सांगतात, कुणालाच जमत नाही. मग न बोलता नुसती करून दाखवतात, तरी जमत नाही. "एकदा सांगितलं ना, कळत कसं नाही?" असं फ्लोअरवर ओरडणाऱ्याला इथे आपली चूक स्वतःच्या हातात दिसते.

पुढच्या बैठकांत प्रत्येकाने आपल्याच लाइनवरचं एक काम आणायचं आणि त्याचा तक्ता करायचा. त्यात तीन रकाने असतात: टप्पा, खुबी आणि कारण. सीएनसी लेथवर, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर धातू कातणाऱ्या मशीनवर, इन्सर्ट (कापणारा बदलता तुकडा) बदलायचं काम घ्या. टप्पा: जुना इन्सर्ट काढून सीट (तो बसतो ती जागा) पुसणे. खुबी: सीटवर चिपचा (धातूच्या किसाचा) कणही राहू द्यायचा नाही. कारण: इन्सर्ट नीट टेकत नाही, माप हलतं, कधी इन्सर्टच तुटतो. पुढचा टप्पा: बाहेरच्या व्यासासाठी वेअर ऑफसेटमध्ये (हत्याराच्या झिजेसाठी मशीनमध्ये भरायच्या आकड्यात) ०.२ मिमी वाढवून पहिला जॉब (कातलेला भाग) काढणे. खुबी: दशांशचिन्ह तपासूनच इनपुट दाबायचं. कारण: जॉब मोठा आला तर पुन्हा कट घेता येतो, लहान आला तर भंगारात जातो.

कारणाचा रकाना भरताना जुने ऑपरेटर अडखळतात. हात वर्षानुवर्षं बरोबर चालत असतो, पण का, ते कधी शब्दांत मांडलेलं नसतं. इथे घाई करू नका. पहिल्या तक्त्याला तासभर लागला तरी चालेल, माझ्या मते सगळ्या प्रशिक्षणातला सर्वांत मोलाचा तास हाच.

शिकवायचे टप्पे चार. आधी नवख्याला निवांत करायचं आणि त्याला काय येतं ते विचारायचं. मग काम करून दाखवायचं: एकदा टप्पे सांगत, पुन्हा खुब्या सांगत, तिसऱ्यांदा कारणांसह. नंतर त्याच्याकडून करून घ्यायचं, आधी गप्प राहून, मग त्याच्याच तोंडून टप्पे, खुब्या आणि कारणं वदवून घेत. शेवटी त्याला एकट्याला काम द्यायचं, अडल्यावर कुणाला विचारायचं ते नाव सांगायचं आणि सुरुवातीला वरचेवर जाऊन बघायचं. गडबड होते ती तिसऱ्या टप्प्यात. शिकणारा अडखळला की सुपरवायझरचा हात आपसूक पुढे जातो. सरावात त्याला हात पाठीमागे बांधून उभं राहायला सांगा.

शिकवलेलं टिकवायला फ्लोअरवर एक फळा लावा. आडव्या ओळीत माणसं, उभ्या ओळीत कामं. येत असेल तिथे खूण, शिकवायचं असेल तिथे तारीख. ती तारीख सुपरवायझरने स्वतः लिहायची. एखादं काम एकालाच येत असेल, तर पहिली तारीख तिथे. गणपतीत तोच गावी गेला की डिस्पॅच अडकतो.

मालकांनीही एक सवय मोडायला हवी. ऑपरेटर थेट केबिनमध्ये आला की उत्तर द्यायचं नाही, "सुपरवायझरांना विचारलंत का?" एवढंच म्हणायचं. पहिले पंधरा दिवस हे फार जड जातं, कारण उत्तर आपल्याला माहीत असतं आणि मशीन उभं असतं. तरीही थांबा. रोज शिफ्टच्या शेवटी सुपरवायझरबरोबर दहा मिनिटं फळ्यापुढे उभे राहा आणि आज कुणाला काय शिकवलं, तेवढंच विचारा. रिजेक्शनचा (नापास मालाचा) हिशेब वेगळ्या वेळी.