सूज उतरली म्हणता, मग दिसत का नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. तसं रोजच कुणी ना कुणी विचारतं. परभणीत डोळ्यांच्या एका दवाखान्यात मी ओसीटीच्या, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्याचं चित्र काढणाऱ्या मशीनवर असते. डॉक्टर नाही, ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे नजर आणि डोळे तपासणारी. पण डॉक्टरांच्या खोलीत जाण्याआधी माणूस माझ्यासमोर हनुवटी टेकवतो, त्याच्या पडद्याचं चित्र स्क्रीनवर उमटत असताना सोबतचे माझ्या खांद्यावरून डोकावतात, त्यामुळे पहिला प्रश्न मलाच येतो. "सांग ना माय, नजर येईल का माघारी?" पडद्याची सूज उतरवायला डोळ्यात दोन-तीन इंजेक्शनं झाली की तोच प्रश्न कूस बदलतो: "सूज उतरली म्हणता, मग दिसंना कामून?" हल्ली तो व्हॉट्सॲपवरही येतो, रिपोर्टच्या फोटोसकट. दर वेळी घाईत अर्धमुर्ध सांगण्यापेक्षा एकदा बैजवार लिहून टाकते.

या प्रश्नामागे मोतीबिंदू आहे. आपल्याकडे डोळ्याचं ऑपरेशन म्हणजे मोतीबिंदू, आणि मोतीबिंदू म्हणजे आज काढला, उद्या पट्टी सोडली, आठवड्यात म्हातारी गव्हातले खडे वेचायला बसली. डॉ. तात्याराव लहाने लातूर जिल्ह्यातल्या माकेगावचे. त्यांच्यामुळे आणि गावोगावच्या शिबिरांमुळे हे मराठवाड्यात घरोघरी पाहिलेलं आहे. मग शुगरनं पडद्याला सूज आली, डोळ्यात इंजेक्शन घेतलं, तर तसंच लख्ख दिसायला हवं असं वाटणारच. पण मोतीबिंदूत पुढचं भिंग गढूळ होतं आणि ते बदलता येतं. पडदा, म्हणजे रेटिना, हा मेंदूचाच पुढे आलेला भाग. तो बदलून मिळत नाही.

आता मशीनबद्दल. ओसीटीचं तंत्र १९९१ साली अमेरिकेत डेव्हिड हुआंग, एरिक स्वॉन्सन, जेम्स फुजिमोटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं. या तिघांना २०२३ मध्ये त्यासाठी लास्कर पुरस्कार मिळाला. तांबड्याच्या पलीकडचा, आपल्याला जेमतेम जाणवणारा प्रकाश डोळ्यात सोडायचा, पडद्याच्या कुठल्या थरावरून तो किती माघारी येतो ते मोजायचं आणि त्यावरून थरांचा उभा काप रचायचा. सुई नाही, टाका नाही. हल्लीच्या मशीनवर पाच-सात मायक्रॉनचा फरक ओळखू येतो; मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले पाच-सात. इतकं बारीक दिसतंय म्हटल्यावर भविष्यही दिसत असेल, असा लोकांचा समज होतो. (चित्र धड येण्यासाठी पापणी मिटू नका म्हणते, ते उगाच नव्हे. डोळा कोरडा असला, मोतीबिंदू पिकलेला असला की चित्र पिंजारतं. सिग्नल कमी आला तर मी स्कॅन परत काढते, तुम्ही कितीही वैतागलात तरी.)

रिपोर्टवर गोलाच्या मधोमध एक आकडा असतो. ती पडद्याच्या मध्यभागाची जाडी. निरोगी डोळ्यात अडीचशे मायक्रॉनच्या आसपास, मशीनप्रमाणे थोडी इकडेतिकडे. सगळे तेवढंच वाचतात. जेवणाआधीची आणि जेवणानंतरची शुगर जशी पाठ असते तसा हाही पाठ असतो: "पहिल्या टायमाला चारशे ऐंशी व्हतं, आता दोनशे सत्तर आलंय." इंजेक्शन पुढे द्यायचं की थांबायचं, हे ठरवायला डॉक्टरांना हा आकडा लागतो. पण नजरेपुरतं माझं मत विचाराल, तर या कागदावर सगळ्यात कमी बोलणारी गोष्ट हीच.

हे माझ्या मनचं नाही. मधुमेहाच्या नेत्ररोगावर अमेरिकेत अनेक दवाखाने मिळून संशोधन करतात. त्यांनी २००७ मध्ये जाडी आणि नजर यांची सांगड घालून पाहिली. संबंध निघाला, पण मध्यम. सरासरी पाहिली तर १०० मायक्रॉनमागे सुमारे ४.४ अक्षरांचा फरक. त्यांच्या तक्त्यावर एका ओळीत पाच अक्षरं असतात, म्हणजे धड एक ओळसुद्धा नाही. आणि एकाच जाडीच्या डोळ्यांमध्ये नजरेचा फरक केवढा तरी.

मला हे एकाच सकाळी पाहायला मिळालं. जिंतूरकडचे एक निवृत्त एसटी ड्रायव्हर आणि पाथरीची एक शिलाई करणारी बाई, दोघांचा मधला आकडा जवळपास सारखा, तीनशेच्या आत. मामांना तक्त्यावरचं सगळ्यात वरचं अक्षर तेवढं दिसत होतं, ६/६०. बाईनं खालच्या ओळी धडाधड वाचल्या आणि वर म्हणाली, "दोऱ्याचा रंग अंधारात वळखू येत नाही, बाकी बरंय." मामांनी दोन्ही कागद शेजारी धरले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "आकडा तर सेमच हाय की वं."

आकडा सेम होता, रेष सेम नव्हती. कापाच्या चित्रात खालच्या बाजूला, पडद्याच्या बुडाशी, दोन-तीन उजळ रेषा आडव्या जातात. त्यातल्या एकीला इलिप्सॉइड झोन म्हणतात. प्रकाश टिपणाऱ्या पेशींमधला, ऊर्जा तयार करणारा भाग तिथं एका ओळीत उभा असतो, म्हणून ती चकाकते. बाईच्या चित्रात ती रेष या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग होती. मामांच्या चित्रात नेमकी मधे तुटलेली, आणि तुटलेल्या जागी नुसता करडा धूर. सूज उतरल्यावर नजर किती येईल याचा अंदाज मधल्या आकड्यापेक्षा ही रेष बरा देते. शुगरची सूज असो, पडद्याची शीर तुंबलेली असो की मॅक्युलर होलचं, म्हणजे पडद्याच्या मधोमध पडलेल्या भोकाचं ऑपरेशन झालेलं असो, तिन्हीकडे संशोधकांना हेच आढळलं.

मामांना मी हे सांगत होते, जमेल तसं. त्यांनीच मला थांबवून सोपं केलं. म्हणाले, म्हणजे सोयाबीनमधे पाणी साचल्यावानी. पाणी उतरलं म्हणजे पीक आलं असं थोडंच, खाली मूळ सडलं का ऱ्हायलं ते बघावं लागतंय. तेव्हापासून मी हेच सांगते, त्यांचं नाव न घेता.

पण रेष तुटलेली दिसली की सगळं संपलं, असंही समजू नका. तिच्या जरा वर आणखी एक बारीक रेष असते, बाहेरच्या पातळ पडदीची. ती शाबूत असेल तर खालची तुटकी रेष काही महिन्यांत पुन्हा भरताना मी पाहिली आहे. पेशी जिवंत असतात, त्यांचं टोक तेवढं झडलेलं असतं. दोन्ही गेल्या असतील तर डॉक्टर फार आशा लावत नाहीत. माणसाच्या डोळ्यात या पेशी मेल्या की नव्या उगवत नाहीत.

यात एक मेख आहे, आणि पहिल्याच दिवशी उत्तर मागणाऱ्यांनी ती ऐकावी. सूज भरपूर असते तेव्हा वरच्या पाण्याची, रक्ताची, पिवळ्या चरबीच्या डागांची सावली खाली पडते. प्रकाश बुडापर्यंत पोचतच नाही. त्या सावलीत रेष तुटल्यासारखी दिसते, पण ती तिथं असूही शकते. म्हणून पहिल्या स्कॅनवर डॉक्टर "बघू" म्हणतात तेव्हा ते टाळत नसतात. चित्रच अर्धं झाकलेलं असतं.

वरच्या थरांचंही एक पाहतात. निरोगी पडद्यात आतले थर एकावर एक वेगळे ओळखू येतात. शुगरच्या काही डोळ्यांत मधल्या एक मिलिमीटरच्या पट्ट्यात त्यांच्या सीमाच पुसल्या जातात, कुठला थर कुठं संपला ते सांगता येत नाही. बोस्टनच्या जोस्लिन मधुमेह केंद्रातल्या जेनिफर सन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं की पहिल्या चार महिन्यांत ही गडबड वाढली की घटली, यावरून आठव्या महिन्यातल्या नजरेचा अंदाज येतो. मला यातली चार महिन्यांची गोष्ट महत्त्वाची वाटते. अंदाज एका चित्रात नसतो, दोन चित्रांच्या मधल्या फरकात असतो.

आणि काही डोळे असे असतात की सूज नाही, रेष सलग, तरी माणूस समोरच्याचा चेहरा ओळखत नाही. साधा ओसीटी थर दाखवतो, त्यात रक्त वाहतंय का ते दाखवत नाही. मधल्या भागाच्या बारीक केशवाहिन्या बंद पडल्या असतील तर त्यासाठी हातात पिवळा रंग टोचून अँजिओग्राफी करतात, किंवा नवीन मशीनवर रंगाशिवायची. "अजून एक तपासणी कशाला, पैसे काढायला?" असं मनात येतं, मला कळतं. पण या प्रश्नाचं उत्तर माझ्या कागदावर खरंच नसतं.

डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेच्या दुखण्याचं गणित निराळं. पंचविशीतली मुलगी येते, एका डोळ्यानं आठ दिवसांत दिसेनासं झालंय, डोळा फिरवला की दुखतो. तिथं आम्ही नसेच्या भोवतालच्या तंतूंची जाडी मोजतो. सुरुवातीला नस सुजलेली असते, तेव्हाचा आकडा फसवा. तीन ते सहा महिन्यांनी सूज ओसरल्यावर जो उरतो तो खरा, आणि २००६ च्या एका अभ्यासात ७५ मायक्रॉनच्या खाली गेलेल्या डोळ्यांची नजर कमी भरून आलेली दिसली. मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीच्या गाठीनं नस दाबली गेली असेल, तर ऑपरेशनच्या आधीच हे तंतू मोजतात. जाडी टिकलेली असली की आशा जास्त.

नातवंडं मोबाइल काढून विचारतात, "एआय सांगत नाही का हे?" आजार ओळखण्यात ते तरबेज होत चाललंय, २०१६ मध्ये गूगलच्या संशोधकांनी पडद्याच्या फोटोंवरून मधुमेहाचा आजार ओळखून दाखवला, त्यात आपल्याकडच्या अरविंद आणि शंकर नेत्रालयातले फोटोही होते. पण आजार आहे का, हा एक प्रश्न आणि तुमच्या आजीला सुईत दोरा ओवता येईल का, हा दुसरा. दुसऱ्याला लागणारी निम्मी माहिती स्कॅनमध्ये नसतेच: सूज आल्यावर किती महिने अंगावर काढली, शुगर कशी आहे, पुढचं इंजेक्शन वेळेवर होणार का. दिवाळीनंतर घरदार ऊसतोडीला कारखान्यावर जाणार असेल, तर तीन महिन्यांचा खंड पडणार हे मला समोर बसल्याबसल्या कळतं, मशीनला कळत नाही. तेव्हा "जायच्या आधी एक आणि तिकडं जवळ कुठं मिळतंय का बघा" एवढं मी बोलतेच, माझं काम नसलं तरी.

तर तुम्ही मला फोटो पाठवणार असाल, तर एवढं करा. सगळे जुने रिपोर्ट पाठवा, फक्त ताजा नको. दोन्ही डोळ्यांचे पाठवा. लोक दुखऱ्या डोळ्याचाच पाठवतात आणि तुलनेला काही उरत नाही. इंजेक्शनच्या तारखा कागदाच्या मागे लिहून ठेवा. कागदाची चौघडी करून रेशनकार्डाच्या पिशवीत कोंबू नका, घडी नेमकी चित्राच्या मधोमध पडते आणि मला रेष तुटलीय की कागद, तेच कळत नाही. फोटो ट्यूबलाइटखाली काढू नका, चकाकी येते. दारात, उजेडात काढा. आणि मी काही सांगितलं तरी औषध बदलायचं ते डॉक्टरांना विचारूनच.