मागच्या मोरीतला रुसलेला नळ

घरच्या नळदुरुस्तीची नोंद तिसरी. मागच्या दोन नोंदींत वायसर आणि टेफ्लॉन टेपपलीकडे माझी मजल गेली नव्हती. या खेपेला गेली, आणि कपड्यांसकट अंघोळही झाली.

सांगलीच्या विश्रामबागेतलं आमचं घर जुनं, गच्चीवर हजार लिटरची टाकी. पावसाळ्यात कृष्णा गढूळ झाली की टाकीच्या तळाला गाळ बसतो, म्हणून दसऱ्याआधी टाकी रिकामी करून धुतली आणि भरली. स्वयंपाकघरात पाणी आलं, पुढच्या बाथरूममध्ये आलं. वरच्या मजल्यावरच्या मागच्या मोरीतला नळ मात्र नुसता फुसफुसला आणि गप्प बसला.

पहिला संशय गाळावर. नळाची जाळी काढली, साफ. नळच काढून बघितला, आत काही नाही. गच्चीवरचा गेट व्हॉल्व पूर्ण उघडा. एक प्लंबर येऊन भिंतीवर टकटक करून गेला : ‘लाइन चोकअप आहे, टाइल्स फोडाव्या लागतील.’ त्या टाइल्सचा जोड आता बाजारात मिळत नाही, त्यामुळे मी काही बधले नाही.

शेजारचे काका साखर कारखान्यात फिटर होते. गच्चीवर येऊन त्यांनी पाईपवरून एकदाच नजर फिरवली. “वहिनी, हितं पाणी न्हाई अडलं. हवा अडलीया.”

मागच्या मोरीची लाइन टाकीतून निघते, जिन्याचा कठडा ओलांडायला कमानीसारखी वर चढते आणि मग भिंतीतून खाली जाते. टाकी काठोकाठ भरली तरी पाण्याची पातळी त्या कमानीच्या वर जेमतेम दीड-दोन फूट. इकडे मोरीत तीच लाइन फरशीपर्यंत उतरते आणि नळासाठी पुन्हा अडीच फूट वर चढते. त्या चढात जुनं पाणी उभं, कमानीपलीकडे नवं पाणी, मध्ये हवा कोंडलेली. दोन फुटांचं पाणी अडीच फुटांच्या पाण्याला ढकलणार कसं?

सुमारे 10 मीटर, म्हणजे 33 फूट उभ्या पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला जवळपास 1 किलो. आपल्याकडे दोन फुटांचा. आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी 40 फुटांवर इशारा आणि 45 फुटांवर धोका, हे आम्हा सांगलीकरांना झोपेतून उठवलं तरी सांगता येतं. स्वतःच्या टाकीपासून नळापर्यंत किती फूट, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा टेप लावून मोजलं.

उपाय : हवेला खालून वर ढकलायचं. अंगणात कॉर्पोरेशनचा डायरेक्ट नळ आहे. सकाळी पाणी जोरात असताना तिथून पाईप वर नेऊन मोरीच्या नळावर चढवला आणि दोन्ही नळ उघडले. क्लिप न लावता. दहा सेकंदांत पाईप सुटला आणि मी चिंब. दुसऱ्या वेळी क्लिप पेचकसनं आवळली. गच्चीवरून काकांचा आवाज, “बुडबुडं यायला लागलं!” टाकीत मिनिटभर खदखद झाली, मग नुसतं पाणी. पाईप काढला, नळ उघडला : पहिल्यांदा खोकला, मग सलग धार.

हे करून बघणाऱ्यांनी पाईप स्वच्छ घ्या, आणि काम झालं की पाईप काढण्याआधी कॉर्पोरेशनचा नळ बंद करा, तोही पुरवठा चालू असतानाच. पुरवठा गेला आणि नळ उघडाच राहिला तर टाकीतलं पाणी उलटं त्यांच्या लाइनीत शिरतं. ते सगळ्या गल्लीनं प्यायचं असतं.

टाकी परत धुतली की हा खेळ परत. म्हणून कमानीच्या माथ्यावर टी बसवून अर्धा इंची पाईप उभा केला, हवेला बाहेर पडायला, म्हणजे व्हेंट. माझी चूक इथे : दिसायला सुबक म्हणून तो आखूड कापला. टाकी भरली तशी त्याच्या तोंडातून कारंजं. व्हेंटचं तोंड टाकीच्या ओव्हरफ्लोपेक्षा वर हवं, हे गणपती पेठेतून दुसऱ्यांदा सॉकेट आणताना नीट डोक्यात शिरलं. आता तो वर नेलाय, तोंड खाली वळवून जाळी बांधलीय. जोड चिकटवायचं सोल्युशन वाळायला अख्खी रात्र दिली. काका म्हणाले तासभर पुरे, पण मी घाबरट आहे.

बाकी किरकोळ. फ्लशची टाकी गळते का, हे बघायला सासूबाईंच्या निळीचे चार थेंब टाकीत टाकले आणि वीस मिनिटं कुणाला आत जाऊ दिलं नाही. भांड्यात निळं उतरलं, म्हणजे खालचा वायसर गेला. तो बदलला. “पांढऱ्या साडीची नीळ संडासात,” हे अजून दिवसातून दोनदा ऐकते.

स्वयंपाकघरातला नळ पुन्हा ठिबकतोय. रात्री दहा ते सकाळी सहा भांडं ठेवलं, 1.2 लिटर भरलं, म्हणजे मिनिटाला पन्नासेक थेंब. वायसर महिन्यापूर्वीच नवा घातलेला. स्पिंडल काढून आत बॅटरी मारली तर वायसर टेकतो ती पितळी कड एका जागी खाल्लेली दिसली. रबर कितीही नवं घाला, त्या खाचेतून पाणी येणारच. कड घासायचं हत्यार काकांकडे होतं म्हणे. ते माळ्यावर शोधतायत, काकू खालून ओरडतायत.