शीळ

भर दुपारी फाटकाशी कुणीतरी दोन बोटं तोंडात घालून शीळ मारली आणि वरच्या मजल्यावरचं पोर चपला हातात घेऊन धडधडत जिना उतरलं. नाव नाही, हाक नाही. ज्याला कळायचं त्याला कळलं.

आमच्याकडे शीळ वर्ज्य होती. तिन्हीसांजेला शीळ घातली की साप येतो, असं आजीचं म्हणणं. घर ख्रिस्ती, भिंतीवर वचनांचं कॅलेंडर, पण सापाच्या बाबतीत आजी गावाच्या बाजूने. अशात शब्बाथ शाळेत बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा पाचवा अध्याय निघाला. परमेश्वर दूरच्या राष्ट्रांसाठी निशाण उभारतो आणि पृथ्वीच्या टोकाला असलेल्यांना शीळ घालून बोलावतो! घरी येऊन मी तिला ते विजयाने वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत म्हणाली, "त्याला चालतं. त्याने बोलावलेले साप तोच बघेल."

तेव्हा मला आवडायचं ते शीळ ऐकून शिक्षा करायला येणारं सैन्य. कुणी पेंगत नाही, कमरेचा पट्टा सुटत नाही, वहाणेचा बंद तुटत नाही. माझ्या चपलेचा अंगठा दर पावसाळ्यात तुटायचा, त्यामुळे त्या बंदावर माझा फार जीव. हे राष्ट्र कुठलं, ते पाचवा अध्याय सांगतच नाही. सातव्यात नावं येतात: मिसरच्या (इजिप्तच्या) माश्या, अश्शूरच्या (असिरियाच्या) मधमाश्या, दोघींनाही शीळ. शिवाय फरात (युफ्रेटिस) नदीपलीकडून भाड्याने आणलेला वस्तरा. डोकं साफ, दाढीही साफ.

भाड्याचा म्हटलं की मला यहूदाचा आहाज राजा आठवतो, यरुशलेम त्याची राजधानी. इ.स.पू. ७३४ च्या सुमारास अराम आणि इस्राएल ही शेजारची राज्यं मिळून यरुशलेमवर चालून आले, तेव्हा याने मंदिरातलं सोनंरुपं अश्शूरचा राजा तिग्लथ-पिलेसर याला पाठवलं. मी तुझा दास, तुझा पुत्र. ये आणि सोडव. म्हणजे आहाज म्हणणार, मी बोलावलं. देव म्हणतो, मी. आणि दहाव्या अध्यायात अश्शूरचा राजा सांगतो की मला कुणी बोलावलं नाही, मी माझ्या मनगटाच्या जोरावर आलो. कुऱ्हाड कधी तोडणाऱ्यापुढे फुशारकी मारते का, असं यशया त्याला विचारतो. पाळकसाहेब इथे जरा घाईने पुढे जायचे. मला तर सगळ्या ग्रंथात हीच जागा चविष्ट वाटते.

आणि पाचव्या अध्यायात सैन्य बोलावण्याइतका देवाचा हा राग कशावर? घराला घर आणि शेताला शेत जोडत जाणाऱ्यांवर. आमच्या तालुक्यात या वचनावर प्रवचन लागत नाही, सातबारा पुरतो.

इ.स.पू. ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब याने यहूदाचं लाखीश शहर जिंकलं आणि आपल्या राजधानीतल्या, निनवेच्या राजवाड्यात ते भिंतभर कोरून घेतलं. ते दगड आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांचे फोटो मी अधूनमधून काढून बघतो. शहरातून बैलगाडी निघालीय, गाठोड्यांवर बायका-पोरं बसलीयत. ४६ तटबंदीची शहरं घेतली, २,००,१५० माणसं बाहेर काढली, असा सन्हेरीबाचा स्वतःचा हिशेब. आकडा फुगवलेला असेल, राजेच ते. पण त्या गाडीवरच्या बाईने कुणाचं शेत आपल्या शेताला जोडून घेतलं असेल?

ज्या यरुशलेमकरांना यशया हे ऐकवत होता, त्यांचं शहर त्या वर्षी पडलं नाही. आहाजचा मुलगा, राजा हिज्कीया, याने खंडणी भरली.