तीन नंबरचा एक्झॉस्ट

"रेस दिली की ठीक चालते, पाय काढला की थरथरायला लागते," ताई त्यांच्या गाडीबद्दल फोनवर म्हणाल्या. सगळा रोग त्या एका वाक्यात होता. तो मला तेव्हाच कळायला हवा होता, पण मी त्यातलं 'थरथरते' एवढंच ऐकलं आणि पुढचा अर्धा दिवस भलतीकडे शोधत बसलो.

2023 ची दिवाळी नुकतीच झाली होती. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून कायमची गेली, त्याच्या बातम्या अजून लोकांच्या बोलण्यात होत्या. आणि माझ्यासमोर, पुण्यात प्रभात रोडच्या एका गल्लीत, आंब्याखालच्या पत्र्याच्या शेडमध्ये 1976 ची फिकट निळी प्रीमियर पद्मिनी उभी होती. बाहेरून बघाल तर कुणीही म्हणेल, काल धुतलीय. क्रोमवर डाग नाही, रबरं जागच्या जागी, आत सीटवर चादर. ताईंचे वडील, ज्यांना सगळं घर दादा म्हणायचं, त्यांनी 2001 साली गाडी चालवणं सोडलं. पण दर रविवारी ते ओल्या फडक्यानं ती पुसायचे. वीस वर्षं पुसली. सुरू मात्र एकदाही केली नाही आणि दुसऱ्या कुणाच्या हातात किल्लीही दिली नाही. दोन वर्षांपूर्वी ते गेले.

माझ्याआधी एका मिस्त्रीनं हात लावला होता. बॅटरी, कॉइल, चार प्लग, पॉइंट, कंडेन्सर सगळं नवीन. टाकी उतरवून आतला गाळ काढला होता. पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम वाळून पापडासारखा झाला होता, तोही बदलला होता. हे सगळं बरोबरच होतं. इतकी वर्षं पडून राहिलेल्या पेट्रोलला वार्निशसारखा वास येतो आणि त्याचा डिंक जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकांत, बसतो, त्यामुळे कार्बोरेटरही त्यानं दोनदा धुतला. तरी गाडी आयडलला, म्हणजे रेस न देता चालताना, ठोके चुकवत मिसिंग मारतच राहिली. शेवटी तो म्हणाला, कार्बोरेटरच बदला. ताईंना ते पटलं नाही. त्या मला म्हणाल्या, "मिस्त्री, दुसरं मत हवंय. माणसाचं घेतो तसं."

त्या मिस्त्रीला मी दोष देणार नाही. आयडलला खराब आणि रेसला बरी, म्हणजे स्लो जेट चोंदलाय किंवा कुठून तरी हवा ओढतेय, हे आमच्या धंद्यात कुणालाही पहिलं सुचतं. मीही तिथूनच सुरुवात केली. कार्बोरेटरकडून सिलिंडरकडे जाणाऱ्या नळीच्या, मॅनिफोल्डच्या, सांध्यावर थोडं थोडं ऑइल सोडून पाहिलं. हवा ओढत असेल तर इंजिनचा आवाज बदलतो. इथं काही बदलला नाही. तरी मन मानेना, म्हणून कार्बोरेटरच्या बुडाचं गास्केट बदललं. दुपारचे दोन वाजले आणि गाडी होती तशीच.

जेवून आलो आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते सांगायचे, आधी कुठला सिलिंडर काम करत नाही ते विचार, का ते नंतर विचार. रबरी मोजा घातला आणि चालत्या इंजिनची प्लगची एकेक वायर काढून बघितली. एक नंबरची काढली, इंजिनचा आवाज बसला. दोनची काढली, बसला. चारची काढली, तसंच. तीनची काढली आणि काहीच फरक नाही. गाडी चारपैकी तीनच सिलिंडरवर चालत होती. तीन नंबरला ठिणगी निळी, चांगली. प्लग दोन नंबरशी अदलाबदल केला, रोग जागचा हलला नाही. म्हणजे विजेचा प्रश्न संपला. आणि चारही सिलिंडर एकाच कार्बोरेटरचं पेट्रोल पितात, त्यातला एकच उपाशी कसा राहील?

मग मी भाच्याला म्हणालो, कालच्या पेपरचं एक पान आण. कपड्यावर चिमटा लावतो तसं दोन बोटांत धरून ते सायलेन्सरच्या तोंडाशी न्यायचं. निरोगी इंजिनचा धूर कागदाला सारखा बाहेर ढकलतो. आमचा कागद फडफडत होता, पण मधेच एकदम आत ओढला जाऊन पाइपच्या तोंडाला चिकटायचा, पुन्हा सुटायचा. ठरावीक तालात. भाचा माझ्याकडे बघायला लागला. सायलेन्सर श्वास आत घेत होता.

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, म्हणजे सिलिंडरमधला धूर बाहेर सोडणारी झडप, नीट बसत नसला की असं होतं. पिस्टन हवा ओढायला खाली जातो, तेव्हा कार्बोरेटरकडून थोडं मिश्रण येतं आणि फटीतून सायलेन्सरमधला धूर उलटा आत येतो. वर येताना दाब त्याच फटीतून पळतो. सावकाश चालताना दाबाला पळायला वेळ मिळतो म्हणून गाडी थरथरते. रेस दिली की तेवढा वेळच मिळत नाही, म्हणून बरी वाटते. ताईंनी फोनवर नेमकं हेच सांगितलं होतं.

सिलिंडरमधला दाब मोजणारा कॉम्प्रेशन गेज लावला. एकला 108 पौंड, दोनला 122, तीनला 44, चारला 120. तीनमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा घेतलं तर 50. रिंगांचा दोष असता तर ऑइलनं दाब चांगला चढला असता. मग तीनचा पिस्टन दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात त्या जागी आणला आणि प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडली. कार्बोरेटर गप्प. सायलेन्सरमधून मात्र कुकरची शिट्टी सुटायच्या आधी येते तशी स्पष्ट सूं. टॅपेटचं अंतर, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांड्यावर सोडलेली बारीक फट, बरोबर होतं, म्हणजे व्हॉल्व्ह अडकलेला नव्हता. तो बसत होता, पण त्याची बैठक बिघडली होती. हेड, म्हणजे व्हॉल्व्ह असलेलं इंजिनचं वरचं झाकण, उतरवण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जाईना. एक नंबरला 108 का? दोन आणि चार जवळपास सारखे, तीन मेलेला, आणि एक थोडासाच मागे. वहीत चारही आकडे लिहून घेतले.

पद्मिनीचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं आणि ब्लॉक बिडाचा. इतक्या वर्षांत दोघं एकमेकांना धरून बसतात. मधे स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायचं म्हणजे हेडचा कायमचा सत्यानाश. व्हॉल्व्ह दाबून उघडणारे रॉकर आणि पुशरॉड काढून घेतले की सगळे व्हॉल्व्ह बंद राहतात. मग दोन आणि तीनच्या प्लगच्या भोकांतून नायलॉनची दोरी आत भरली आणि पुलीच्या बोल्टला पाना लावून क्रँक हळूहळू फिरवला. हे दोन पिस्टन एकदमच वर येतात. दोरी दाबली गेली, आणि कट् असा आवाज होऊन हेड सगळीकडून सारखं सुटलं. त्या आवाजावर ताई घरातून धावत आल्या. त्यांना वाटलं, काहीतरी मोडलं.

तीन नंबरच्या एक्झॉस्टच्या कडेवर आणि त्याच्या सीटवर, म्हणजे बैठकीवर, गंजाचे खड्डे होते, बाजरीच्या दाण्याएवढे. सिलिंडरच्या भिंतीवर बरोबर अर्ध्या उंचीला गंजाचा तपकिरी पट्टा होता. दोन आणि चार स्वच्छ. आणि एक नंबरमध्ये, त्याच उंचीला, चहाच्या डागासारखी फिकट छटा.

मी बराच वेळ त्या चार भोकांकडे बघत उभा राहिलो. मग हिशोब लागला.

या 1089 सीसीच्या इंजिनाचा फायरिंगचा, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी पडण्याचा, क्रम 1-3-4-2 आहे. चार सिलिंडरचं इंजिन बंद केलं की बहुधा चारही पिस्टन अर्ध्यावर थांबतात, कारण कुणीतरी दाबाच्या फेरीत असतो आणि तो पुढं जाऊ देत नाही. म्हणून तर फ्लायव्हीलच्या रिंगचे दातही समोरासमोरच्या दोनच ठिकाणी जास्त झिजतात. हे इंजिन थांबलं तेव्हा दोन नंबर दाबात होता, चार नंबर पॉवरवर, म्हणजे दोघांचेही व्हॉल्व्ह बंद. तीनचा एक्झॉस्ट उघडा, एकचा इनटेक, म्हणजे मिश्रण आत घेणारा व्हॉल्व्ह, उघडा. एकला कार्बोरेटर आणि एअर फिल्टरच्या आडोशानं थोडीच ओल लागली. तीनला मात्र सायलेन्सरमधून थेट वाट होती. बावीस पावसाळे त्या एका उघड्या दारातून आत येत राहिले. बाहेरून रविवारी फडकं फिरायचं, आणि आत हे.

मी पाना लावून पिस्टन त्या गंजाच्या पट्ट्याशी आणून थांबवले आणि ताईंना बोलावलं. म्हणालो, "ताई, दादांनी शेवटची किल्ली फिरवली तेव्हा इंजिन इथं थांबलं होतं. बरोबर इथं."

त्या वाकल्या. काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मी शेजारी बसले होते. डोळ्यांच्या डॉक्टरकडून आलो होतो. आता चालवू नका म्हणाले होते त्यांना. दादा इथं आले, गाडी बंद केली आणि किती तरी वेळ स्टिअरिंगवरचे हात काढलेच नाहीत." पुढं त्या खंडाळ्याच्या घाटाबद्दल बोलल्या. अमृतांजन पुलापाशी रेडिएटर उकळायचा, दादा बादली घेऊन उतरायचे आणि मुलांना दगडावर बसवून गाडी थंड होईपर्यंत गोष्टी सांगायचे. मी हातातला पाना खाली ठेवून ऐकत होतो. कामाचा खोळंबा होत होता, तो होऊ दिला.

व्हॉल्व्ह नाना पेठेत दुसऱ्या दुकानात मिळाला, टॅक्सीच्या काळातला, कागदात गुंडाळलेला. सीट लेथवाल्याकडून कापून घेतली. लॅपिंग, म्हणजे व्हॉल्व्ह सीटवर घासून बसवणं, मी स्वतः केलं, पेस्ट लावून, दोन तळव्यांमध्ये काठी फिरवत, रवीनं ताक घुसळतात तसं. मग हेड उलटं ठेवून खळग्यात रॉकेल भरलं. रात्रभरात पोर्टमध्ये थेंब उतरला नाही. तीनच्या भिंतीवरचा गंज होन मारून, म्हणजे बारीक दगडानं घासून, काढला. एक सावली राहिली. भाचा म्हणाला, बोअर करू या, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठा करू या. मी नको म्हणालो. नखाला लागत नाही असा डाग पिस्टनला काही करत नाही, आणि मूळ बोअर एकदा गेला की गेला.

पाचव्या दिवशी सेल्फ मारला. दोन वेळा खाँ खाँ केलं आणि लागली. चारही एका सुरात. तीनचा दाब 114. कागद सायलेन्सरपाशी नेला, तर एकसारखा बाहेर उडत राहिला.

ताईंनी गल्लीतून एक चक्कर मारली, मग विधि महाविद्यालय रस्त्यापर्यंत दुसरी. स्टिअरिंगवरचा गिअर त्यांच्या हाताला आठवत होता. परत आल्यावर मी सांगितलं, दर रविवारी अर्धा तास तरी फिरवा, इंजिन नीट तापू द्या. नुसती दोन मिनिटं सुरू करून बंद केली तर उलट आत पाणीच साचतं. त्यांनी मान डोलावली आणि किल्ली फिरवली. इंजिन थांबलं.

त्या उतरल्या नाहीत. म्हणाल्या, "मिस्त्री, आत्ता कुठला उघडा राहिला?"

मी बोनेट उघडलं, डेल्कोच्या, म्हणजे चारही प्लगना पाळीपाळीनं वीज वाटणाऱ्या डब्याच्या, दोन क्लिपा काढून टोपण उचललं. रोटर तीन आणि चारच्या मधे होता. "चार नंबर दाबात आहे," मी म्हणालो. "म्हणजे एकचा एक्झॉस्ट आणि दोनचा इनटेक."

"रविवारपर्यंत?"

"रविवारपर्यंत," म्हणालो आणि टोपण परत बसवलं.